शरद जोशी : शेतकरी आंदोलन, स्वतंत्रतावादी विचार आणि राज्यसभेतील एक विरोधी मत

प्रस्तावना

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने १०८ वे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केले. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभांमधील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद त्यात होती. विधेयकाच्या बाजूने १८६ मते पडली आणि विरोधात एक. हे एक मत महाराष्ट्रातून निवडून आलेले आणि स्वतंत्र भारत पक्षाचे सभागृहातील एकमेव सदस्य शरद जोशी यांचे होते.

केवळ या नोंदीवरून त्यांना स्त्रियांच्या हक्कांचे विरोधक म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच शरद जोशींनी नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन घेतले होते. पतीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा यासाठी त्यांनी पुढे गावोगाव मोहीमही चालवली. मग या मताचा अर्थ कसा लावायचा? प्रस्तुत पाठात आपण शरद जोशी यांची जडणघडण, त्यांचे आर्थिक विचार, त्यांची आंदोलने आणि संसदेतील भूमिका यांचा क्रमाने परिचय करून घेऊ. त्याबरोबरच एखाद्या लोकप्रतिनिधीची मतदानाची नोंद इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावी, याचाही विचार करू.

१. पार्श्वभूमी : भारतातील स्वतंत्रतावादी राजकारण

व्यक्तीचे स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क आणि खुला व्यापार यांना प्राधान्य देणारा व राज्यसंस्थेचा हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा असे मानणारा विचार म्हणजे स्वतंत्रतावाद. स्वातंत्र्योत्तर भारतात या विचाराच्या जवळ जाणारा पहिला मोठा राजकीय प्रयत्न म्हणजे १९५९ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र पक्ष होय. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला आणि त्याला विरोध करण्यासाठी सी. राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा आदी नेते एकत्र आले. १९६७ च्या निवडणुकीत या पक्षाला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या. १९७१ मध्ये त्याची मोठी पीछेहाट झाली आणि १९७४ मध्ये तो भारतीय लोक दलात विलीन झाला.

स्वतंत्र पक्षावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तो संस्थानिक, जमीनदार आणि उद्योगपती यांचा पक्ष होता. शरद जोशी यांचे वेगळेपण येथे दिसते. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा हा नेता कोरडवाहू शेतीतून आणि रस्त्यावरच्या आंदोलनातून पुढे आला.

२. जडणघडण

शरद अनंतराव जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी सातारा येथे झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. काही काळ अध्यापन केल्यावर ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले. १९६८ पासून ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही नोकरी सोडून ते कुटुंबासह भारतात परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. भारतातील दारिद्र्याचे मूळ शेतीत आहे, आणि शेती स्वतः केल्याशिवाय ते कळणार नाही, अशी त्यांची धारणा होती. शेताला त्यांनी पुढे ‘अंगारमळा’ हे नाव दिले. शेतीचा हिशेब मांडताना त्यांच्या लक्षात आले, की पीक चांगले आले तरी हातात काही उरत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचे दारिद्र्य हे आळस, अज्ञान, व्यसन किंवा लग्नकार्यातील उधळपट्टी यांचा परिणाम आहे, ही त्या काळी सर्वत्र सांगितली जाणारी कारणमीमांसा त्यांना पटेनाशी झाली.

३. आर्थिक विचारांचा गाभा : शेतमालाचा भाव

चाकण ही कांद्याची मोठी बाजारपेठ. येथेच १९७८ च्या सुमारास कांद्याच्या भावासाठी पहिली आंदोलने झाली आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांदा उत्पादकांनी रस्ता रोको आणि रेल रोको केले. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला क्विंटलला १०० रुपये भाव मिळावा ही मागणी होती. १९८१ मध्ये कर्नाटकातील निपाणी येथे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचा बळी गेला.

‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा होती. तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण भाव मागणे म्हणजे सरकारकडे मदत मागणे असा गैरसमज होतो. जोशी यांचा युक्तिवाद उलट होता. शेतमालाचे भाव सरकार वाढवत नाही हा मुख्य प्रश्न नसून सरकार ते पाडते, असे ते म्हणत. यासाठी त्यांनी दाखवलेली उदाहरणे पुढीलप्रमाणे होती.

• कापूस : महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे. शेजारच्या राज्यात जास्त भाव असला तरी तेथे तो नेता येत नसे. त्यामुळे कापूस सीमेपलीकडे नेऊन विकणे हाच आंदोलनाचा एक प्रकार बनला.

• ऊस : झोनबंदीमुळे ऊस ठरवून दिलेल्या कारखान्यालाच घालावा लागे. कारखान्यांनाही साखरेचा काही भाग ‘लेव्ही’ म्हणून सरकारला कमी दराने द्यावा लागे. त्याचा भार शेवटी ऊस उत्पादकावर येई.

• कांदा : निर्यात सरकारी नियंत्रणाखाली होती. शहरात भाव वाढू लागले की निर्यात रोखली जाई, मात्र भाव कोसळले की शेतकऱ्याला कोणी विचारत नसे.

या सर्वांची बेरीज त्यांनी ‘उणे सबसिडी’ या संज्ञेत मांडली. समजा, एखाद्या मालाला खुल्या बाजारात १०० रुपये मिळाले असते, पण निर्बंधांमुळे शेतकऱ्याच्या हाती ७० रुपये पडले. त्याच शेतकऱ्याला खत आणि विजेवर १० रुपयांची सवलत मिळाली. म्हणजे ३० रुपये काढून घेतले आणि १० परत दिले. निव्वळ हिशेब उणे २० रुपयांचा झाला. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) पुढे जागतिक व्यापार वाटाघाटींसाठी भारत सरकारने सादर केलेल्या हिशेबातही भारतीय शेतीला मिळणारे बाजारभावाचे साहाय्य उणे असल्याचे दिसले, आणि जोशी यांनी तो आपल्या मांडणीचा पुरावा म्हणून वापरला.

याच विश्लेषणातून ‘भारत विरुद्ध इंडिया’ ही त्यांची प्रसिद्ध मांडणी आली. ही विभागणी शहर आणि खेडे अशी सरळ नाही. शहरातील झोपडपट्टीत आलेला शेतमजूर ‘भारता’तलाच, आणि गावात राहून सरकारी व्यवस्थेच्या आधारे श्रीमंत झालेला पुढारी ‘इंडिया’तला, असे ते सांगत. शेतकऱ्यांच्या शोषणाच्या इतिहासासाठी त्यांनी महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा आणि बळीराजाच्या प्रतिमेचा आधार घेतला. त्यामुळे त्यांचा स्वतंत्रतावाद पाश्चात्त्य ग्रंथांतून उचललेला न वाटता मराठी शेतकऱ्याला आपल्या भाषेतला वाटला.

४. इतर राज्यांतील चळवळी आणि मतभेद

१९८० च्या दशकात शेतकरी आंदोलने अनेक राज्यांत उभी राहिली. तमिळनाडूत नारायणस्वामी नायडू, कर्नाटकात प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी, पश्चिम उत्तर प्रदेशात महेंद्रसिंग टिकैत, पंजाबात भारतीय किसान युनियन अशी ही नावे आहेत. त्यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले, पण ऐक्य टिकले नाही. १९८९ मध्ये दिल्लीत बोट क्लबवरील मेळाव्यात जोशी आणि टिकैत यांच्यातील फूट उघड झाली.

खरी वैचारिक फाटाफूट डंकेल प्रस्तावावरून झाली. गॅट करारात शेतीचा समावेश करणाऱ्या या प्रस्तावाला नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने कडवा विरोध केला. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधील कारगिल या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला. शरद जोशी यांनी मात्र डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले. जगाचा बाजार खुला झाला तर भारतीय शेतकऱ्याला स्पर्धेची भीती नाही, त्याला भीती आहे ती स्वतःच्या सरकारची, अशी त्यांची भूमिका होती. जनुकीय तंत्रज्ञानाच्या कापूस बियाण्याबाबतही त्यांनी हीच कसोटी लावली. कोणते बी पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, असे ते म्हणत.

५. स्त्रियांचा प्रश्न

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी चांदवडला झालेल्या अधिवेशनास लाखावर शेतकरी स्त्रिया आल्या होत्या. तेथे स्त्रियांवरील हिंसा, त्यांच्या श्रमाचे मोल आणि मालमत्तेचा हक्क यांवर चर्चा झाली. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुकांत सर्व जागांवर महिला उमेदवार उभे करण्याचाही निर्धार झाला. या निवडणुका लांबणीवर पडल्या. तरी १९८९ च्या सुमारास काही गावांत संपूर्ण महिलांचे पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आले.

त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम सुरू झाला. पतीने आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील तेथे स्वतः शरद जोशी येतील, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळची कायद्याची स्थिती लक्षात घेतली तर त्याचे महत्त्व कळते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशात २००५ मध्ये मिळाला. पतीच्या हयातीत पत्नीला त्याच्या जमिनीवर मालकी नव्हती. लक्ष्मीमुक्तीने कायद्याची वाट न पाहता सातबाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्रातील जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, तिचे नाव आणले.

येथे जोशी यांची कार्यपद्धती स्पष्ट होते. बदल व्हावा, पण तो स्वेच्छेने आणि समाजाच्या बळावर व्हावा. राज्यसंस्थेच्या सक्तीने नव्हे. हीच भूमिका २०१० च्या मतदानाकडे नेते.

६. सत्ता आणि निवडणुका

विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना जोशी यांना कृषीविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद देण्यात आले. अटलबिहारी वाजपेयी यांच्या काळात ते कृषीविषयक कृती दलाचे अध्यक्ष होते. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. राजाजी आणि मसानी यांच्या पक्षाशी असलेले नाते नावातच होते.

मात्र लाखोंच्या सभा मतपेटीत उतरल्या नाहीत. थेट निवडणुकीत जोशी यांना यश आले नाही. भावासाठी रस्त्यावर उतरणारा शेतकरी मत देताना जात, स्थानिक पुढारी, सहकारी साखर कारखाना आणि बँक यांच्या जाळ्यात असतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. २००४ मध्ये शिवसेना–भाजप युतीच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले. १९८० च्या दशकात जातीयवादी राजकारणावर कडाडून टीका करणाऱ्या नेत्याने हा पाठिंबा घ्यावा, हे त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना रुचले नाही.

७. राज्यसभेतील भूमिका

राज्यसभेतील त्यांच्या सहा वर्षांतील तीन भूमिका विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, समाजवादाच्या शपथेविषयीची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार राजकीय पक्षाला नोंदणी करताना समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा जाहीर करावी लागते. जो पक्ष समाजवाद मानत नाही त्याने काय करावे? एक तर खोटे लिहून द्यावे किंवा नोंदणी सोडावी. ही अट काढण्यासाठी जोशी यांनी खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. १९७० नंतर संसदेने एकही खासगी विधेयक मंजूर केलेले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. अशा विधेयकाचे महत्त्व निकालापेक्षा चर्चा घडवण्यात असते.

दुसरी, २००८ च्या कर्जमाफीविषयीची. केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती, इतरांना एकरकमी परतफेडीवर सवलत. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन जास्त पण उत्पन्न कमी, त्यामुळे तो या मर्यादेबाहेर राहिला. जोशी ‘माफी’ हा शब्दच नाकारत. चूक सरकारच्या धोरणाची असताना शेतकऱ्याला माफी कसली, त्याला ‘कर्जमुक्ती’ हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरी म्हणजे महिला आरक्षणाच्या विरोधातील मत. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता, राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीला होता. या पद्धतीचा हिशेब करून पाहू. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी १८१ जागा एका निवडणुकीत राखीव झाल्या आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या १८१ राखीव झाल्या, तर दर वेळी सुमारे दोन तृतीयांश मतदारसंघांची स्थिती बदलेल. आज निवडून आलेल्या स्त्रीला पुढच्या वेळी तोच मतदारसंघ राखीव मिळणार नाही, आणि पुरुष प्रतिनिधीलाही आपली जागा राहील याची खात्री नसेल. मग मतदारसंघात काम करण्याची प्रेरणा आणि मतदारांना जाब विचारण्याची संधी, दोन्ही कमी होतात.

८. मताची नोंद कशी वाचावी?

भारतीय संसदेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. तेथे कोणी कसे मत दिले याची नावनिशीवार नोंद राहत नाही. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने मतविभागणी घ्यावीच लागते, म्हणून २०१० चे आकडे उपलब्ध आहेत. दुसरी अडचण पक्षादेशाची. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे १८६ जणांपैकी किती जणांना विधेयक मनापासून मान्य होते, हे नोंदीवरून सांगता येत नाही. शरद जोशी मात्र सभागृहात आपल्या पक्षाचे एकटेच होते. त्यांचे मत त्यांचे स्वतःचे होते, असे आपण निश्चितपणे म्हणू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मतदानाबाहेर राहिलेले लोक. विधेयकाला मोठा विरोध करणाऱ्या सदस्यांपैकी सात जण गोंधळामुळे निलंबित झाले होते. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला. तृणमूल काँग्रेसने मतदानात भाग घेतला नाही. म्हणून ‘विरोधात एक मत’ याचा अर्थ ‘विरोधक एकच’ असा होत नाही. बाकीच्यांचा मुख्य आक्षेप मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक स्त्रियांना स्वतंत्र वाटा नसण्याचा होता. जोशी यांचा आक्षेप त्याहून वेगळा होता.

९. मूल्यमापन

जोशी यांचा फिरत्या आरक्षणाविषयीचा मुद्दा पुढेही मागे पडला नाही. २०१० चे विधेयक लोकसभेत मंजूर न होता २०१४ मध्ये रद्दबातल झाले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीत राखीव जागा प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर बदलण्याची तरतूद आहे. म्हणजे दर निवडणुकीला होणारी अदलाबदल टळली.

परंतु त्यांच्या युक्तिवादाच्या विरोधात जाणारा पुरावाही आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा अभ्यास राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी केला. आधी महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग पुढच्या निवडणुकीत खुला झाला, तेव्हा तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे आरक्षण फिरले तरी त्याचा परिणाम पुसला जात नाही. स्वेच्छेच्या मार्गाची मर्यादाही दिसते. लक्ष्मीमुक्ती आणि महिला पॅनेल ही उदाहरणे मोलाची आहेत, पण त्यांचा विस्तार कार्यकर्ते पोहोचले तेवढाच राहिला. पंचायत राज्यात स्त्रियांचा सहभाग देशभर वाढला तो ७३ व्या घटनादुरुस्तीतील सक्तीच्या आरक्षणामुळे.

त्यांच्या आर्थिक विचारांवरही टीका झाली. भाववाढीचा लाभ विक्रीयोग्य माल असलेल्या शेतकऱ्यालाच होतो, शेतमजूर आणि अल्पभूधारक तर धान्य विकत घेतात, हा डाव्या आणि दलित चळवळीतील अभ्यासकांचा आक्षेप होता. शेतीत पैसा आला तर मजुरीही वाढेल, असे उत्तर जोशी देत. ते आपोआप घडते का, हा प्रश्न आजही खुला आहे. शिवाय सरकार बाजूला हवे असे म्हणणारा नेता सरकारकडेच भाव आणि कर्जमुक्ती मागतो, ही विसंगतीही दाखवली गेली. जोशी यांच्या दृष्टीने ती नुकसानभरपाई होती.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. कांद्याची निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा, हमीभाव हे प्रश्न त्यानंतरही वारंवार राष्ट्रीय चर्चेत येत राहिले आहेत.

सारांश

शरद जोशी यांचे २०१० चे मत चांदवडच्या अधिवेशनाशी विसंगत वाटते, कारण आपण ‘स्त्रियांच्या बाजूने’ आणि ‘आरक्षणाच्या बाजूने’ हे एकच मानतो. त्यांच्या विचारात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. त्यांचे मत त्यांच्या विचाराशी सुसंगत होते. परंतु सुसंगत असणे आणि बरोबर असणे यांतही फरक आहे. पहिल्याचा निर्णय त्यांच्या चरित्रावरून करता येतो. दुसऱ्यासाठी पंचायती आणि महानगरपालिकांतील प्रत्यक्ष अनुभव तपासावा लागतो.

स्वाध्याय

१. ‘उणे सबसिडी’ ही संकल्पना आपल्या राज्यातील एखाद्या पिकाचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
२. शरद जोशी आणि नंजुंडस्वामी यांच्या डंकेल प्रस्तावाविषयीच्या भूमिकांची तुलना करा.
३. लोकप्रतिनिधींच्या मतदानाची नोंद इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणत्या मर्यादा लक्षात घ्याव्यात?
४. लक्ष्मीमुक्ती आणि ७३ वी घटनादुरुस्ती या दोन मार्गांनी स्त्रियांच्या स्थितीत झालेल्या बदलांची चर्चा करा.